झडपेच्या आत झडप

कॅथ लॅबमध्ये एक वेळ अशी येते, की डॉक्टर रुग्णाचं हृदय मुद्दाम बेफाम पळवतात. आत सोडलेल्या पेसमेकरच्या तारेतून मिनिटाला १८० किंवा त्याहूनही जास्त ठोके पाडले जातात. एवढ्या घाईत हृदयाला धड भरता येत नाही आणि रक्त बाहेरही फेकता येत नाही. रक्तदाब झपकन उतरतो. हे करावंच लागतं, नाहीतर रक्ताचा झोत नव्या झडपेला जागेवरून ढकलून देईल. त्या काही सेकंदांत, रक्तवाहिनीतून कॅथेटर या बारीक नळीवर आत नेलेला फुगा फुगतो, त्याच्यावर चेपून बसवलेली झडप उलगडते, फुगा रिकामा होतो आणि पेसिंग थांबतं. पुढच्या ठोक्यापासून नवी झडप कामाला लागते. छाती उघडलेलीच नसते. काही रुग्णांमध्ये तर ही झडप बसते ती पूर्वी ऑपरेशन करून बसवलेल्या, आता निकामी झालेल्या झडपेच्या आत. जुनी काढत नाहीत. तिच्याच आधारावर नवी उभी राहते.

मुळात बसवलेली झडप निकामी होतेच का? हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं, म्हणजे वर्षाला पावणेचार कोटींच्या घरात. प्रत्येक ठोक्याला झडप उघडायची आणि मिटायची. जन्मजात झडपेत जिवंत पेशी असतात, त्या झीज भरून काढतात. ऑपरेशनमध्ये बसवलेली टिश्यू झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवल्यानं तो पडदा चिवट होतो, पण त्यात दुरुस्ती करणारं कोणी उरत नाही. हळूहळू कॅल्शियम साचतं, पडदे ताठरतात किंवा फाटतात. साधारण १० ते १५ वर्षं ती चालते. तरुण शरीरात त्याहून लवकर खराब होते. कार्बनची मेकॅनिकल झडप खूप टिकते, पण तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर चाचणी करत राहायचं.

आपल्याकडे हा पेच फार लवकर समोर येतो. लहानपणी घसा दुखतो, स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग नीट बरा होत नाही, मग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. या ऱ्हुमॅटिक आजारात बहुतेक वेळा हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप खराब होते आणि ती बदलायची पाळी ऐन पंचविशीत येऊ शकते. मूल हवं असलेल्या मुलीला वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची चिंता असते, कारण ते गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अपाय करू शकतं. म्हणून ती आणि तिचे डॉक्टर टिश्यू झडप निवडतात. चाळिशीच्या आसपास पुन्हा ऑपरेशन लागेल हे ठाऊक असूनही निवडतात. त्या निर्णयामागे केवढं धैर्य असतं!

दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यासारखं नसतं. पहिल्या वेळी छातीचं हाड आणि हृदय यांच्यात मोकळी जागा असते. ऑपरेशननंतर तिथे चिकटपट्टे तयार होतात आणि उजवा कप्पा किंवा जुन्या बायपासची नळी थेट हाडाला चिकटलेली असू शकते. करवत तिथूनच फिरवायची असते. म्हणून सर्जन आधी सीटी स्कॅनवर मिलिमीटर मोजतात आणि कधी कधी हाड कापण्याआधीच जांघेतून हार्ट-लंग मशीन जोडून ठेवतात. कसलेले सर्जन हे काम उत्तम करतात. झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा जुनी झडप मेकॅनिकल असेल, तर आजही हाच मार्ग आहे. मेकॅनिकल झडपेत दुसरी झडप बसवता येत नाही.

छाती न उघडता झडप बसवायची कल्पना सुचली ती डेन्मार्कच्या हेनिंग रुड अँडरसन यांना. खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या हृदयातली झडप त्यांनी स्वतः वळलेल्या तारेच्या स्टेंटमध्ये शिवली आणि १ मे १९८९ रोजी एका डुकराच्या शरीरात फुग्याने बसवली. माणसात ते घडलं २००० साली. पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी एका बारा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या मार्गात गाईगुरांच्या मानेच्या शिरेतली झडप बसवली. त्या मुलाचं आधी ऑपरेशन झालेलं होतं आणि तेव्हा घातलेली नळी निकामी झाली होती. म्हणजे माणसातली पहिलीच कॅथेटर-झडप दुसरं ऑपरेशन टाळण्यासाठी जन्माला आली! पुढे १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्याच रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी ज्याच्या ऑपरेशनला कुणी हात लावायला तयार नव्हतं अशा ५७ वर्षांच्या रुग्णात महाधमनीची झडप बसवली.

क्रिबिए यांच्या रुग्णाच्या पायाच्या रोहिण्या बंद होत्या, म्हणून ते शिरेतून गेले. तीच वाट आज निकामी टिश्यू मायट्रल झडपेसाठी वापरतात. जांघेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचायचं, मधल्या पडद्याला सुईनं छिद्र पाडायचं आणि डाव्या कप्प्यात उतरायचं. सुई टोचतात ती जागा ठरलेली असते, पडद्यातला एक पातळसा खळगा. आईच्या पोटात असताना आपल्या प्रत्येकाच्या हृदयात तिथे वाट उघडी होती. बाळाची फुप्फुसं तेव्हा श्वास घेत नसतात, म्हणून बरंचसं रक्त या वाटेनं डावीकडे जायचं. जन्मानंतर बहुतेकांची ती मिटली. डॉक्टर पन्नास-साठ वर्षांनी तीच वाट पुन्हा किलकिली करतात. हे वाचल्यापासून इकोच्या पडद्यावर तो खळगा दिसला की मी तिथेच थबकते.

जुन्या झडपेचा एक मोठा फायदा असतो. तिची गोल, घट्ट कडी बहुतेक वेळा एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते, त्यामुळे नवी नेमकी कुठे बसवायची ते कळतं आणि कडेनं गळतीही कमी होते. खरी अडचण जागेची. डब्यात डबा घातला की आतला लहानच होणार. महाधमनीच्या ज्या झडपेवर २१ मिमी लिहिलेलं असतं, तिच्या आतला व्यास १९ मिमी असतो, काही मॉडेलमध्ये तर जेमतेम १७. हा दोनच मिलिमीटरचा फरक वाटेचं क्षेत्रफळ वीस टक्क्यांनी घटवतो. मग काही वेळा खूप दाबाचा फुगा घालून जुनी कडी मुद्दाम तडकवतात. मात्र प्रत्येक मॉडेलची कडी तडकत नाही.

दुसरा धोका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचा. त्यांची तोंडं महाधमनीच्या झडपेच्या जरा वरच असतात. नवी झडप उघडली की जुनीचे पडदे वर ढकलले जातात आणि ती तोंडं झाकली जाऊ शकतात. यावर अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या डॉक्टरांनी बॅसिलिका नावाची युक्ती काढली: बारीक तारेत वीज सोडून जुना पडदा मधोमध चिरायचा, म्हणजे त्या फटीतून रक्त जात राहतं. धडधडत्या हृदयात, मिलिमीटरच्या हिशोबानं!

तरीही कॅथेटरचा मार्ग बिनधोक समजू नये. अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या झडपांचं ऑपरेशन १९९७ मध्ये झालं होतं. २०१८ मध्ये त्यांची फुप्फुसाकडची झडप कॅथेटरनं बदलताना गुंतागुंत झाली आणि तातडीनं छाती उघडावी लागली. सर्जनचं पथक आधीच तयारीत होतं, म्हणून ते वाचले. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, की कार्डिऑलॉजिस्ट आणि सर्जन या दोघांचंही मत घ्या, जमल्यास दोघांना एकत्र बसवून.

भारतात आता वापीत बनलेली मायव्हॅल ही झडपही मिळते. पण कुठलीही झडप निवडायची तर जुनीचं मॉडेल आणि आकार माहीत हवा. ऑपरेशननंतर मिळालेल्या छोट्या कार्डावर ते लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर रुग्णालयाकडे ऑपरेशनच्या नोंदी मागा. आणि घरात कुणाचं पहिलंच ऑपरेशन व्हायचं असेल, तर सर्जनला आत्ताच विचारा, की पुढे आतून दुसरी झडप बसवता येईल का. महाधमनीचं मूळ अरुंद असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये ठिगळ लावून ते रुंद करता येतं आणि मोठी झडप बसवता येते.