परावटू ग्रंथीचा ठावठिकाणा
थायरॉईडच्या पाठीशी बहुधा 4 परावटू ग्रंथी असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथींकडे रक्तातील कॅल्शियमचा बंदोबस्त असून, त्यांपैकी एखादी फुगून बेसुमार संप्रेरक स्रवू लागली, म्हणजे हाडे झिजतात आणि मूत्रपिंडांत खडे होतात. अमेरिकेतील जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांच्यावर 6 शस्त्रक्रिया होऊनही दोषी ग्रंथी हाती लागली नाही. 1932 साली सातव्या खेपेस ती छातीच्या पोकळीत सापडली, आणि काही आठवड्यांतच ते निवर्तले. ती आधी दिसती तर!

आज सोनोग्राफी मानेतील गाठ दाखविते, परंतु उरोस्थीमागे तिची दृष्टी पोचत नाही. तेथे सेस्टामिबी हे टेक्नेशियमयुक्त किरणोत्सारी द्रव्य कामी येते. शिरेवाटे दिल्यावर थायरॉईड व रोगट ग्रंथी दोन्ही ते शोषून घेतात, पण थायरॉईडमधून ते लवकर ओसरते आणि मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या रोगट पेशींत रेंगाळते, म्हणून दोन-तीन तासांनी घेतलेल्या प्रतिमेत मागे उरलेला ठिपका तिची जागा मुक्रर करितो. लहान ग्रंथी मात्र कित्येकदा निसटतात. निदान तर रक्ततपासणीनेच होते, सबब प्रतिमा कोरी आली एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारणे सर्वथा गैर होय.