पाण्याने पेललेला सैनिक : मुरलीकांत पेटकर

1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातील तरुण मुष्टियोद्धे गोळ्यांनी जखमी झाले. मणक्याजवळ रुतलेल्या गोळीमुळे त्यांना ‘पॅराप्लेजिया’ म्हणजे कमरेखालील अंगाचा लकवा झाला. इजा झालेला मज्जारज्जू सहसा पूर्ववत होत नसल्याने या अवस्थेत मूत्राशयाची आणि त्वचेची काळजी जन्मभर घ्यावी लागते. कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार घेताना त्यांनी पोहणे आरंभले. पाण्याची उत्प्लावकता, म्हणजे वर ढकलणारे बल, शरीराचा भार पेलते, त्यामुळे पाय निश्चल असूनही दंडांच्या जोरावर पुढे सरकता येते.

उपचार म्हणून जवळ केलेल्या या छंदाने 1972 साली हायडेलबर्ग येथे 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये, 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेसह, भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. एवढ्या मोठ्या कर्तृत्वाची ‘पद्मश्री’ने दखल घेतली जाण्यास मात्र 2018 साल उजाडावे लागले, हा विलंब खरोखर क्लेशदायक होय.