टिप बिलाआधीच ठरते

मिसळीच्या टेबलावर गिऱ्हाइकाला हात वर करावा लागला, की वेटरची निम्मी टिप गेली म्हणून समजा! रश्शाची वाटी तळाला लागली की न मागता दुसरी आणा आणि जादा पावाचं तेव्हाच विचारा. ऑर्डर परत म्हणून दाखवा : "एक मिडीयम, एक तिखट, दोन ताक." सोबत लहान मूल असेल तर त्याची डिश आधी आणा. उरलेले पैसे सुट्ट्या नोटांत परत करा. अख्ख्या शंभराची टिप कोण ठेवणार?

आणि हो, सर्व्हिस चार्ज म्हणजे टिप नव्हे. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं.

गिऱ्हाइकांनो, बिल यूपीआयने भरा, पण वेटरसाठी खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा.