दोन मिलिमीटरचा न्याय

शर्यत म्हटली की सगळ्यांचे डोळे लागतात ते शेवटच्या रेषेकडे. पहिला कोण आला, बक्षीस कोणाला, एवढेच आपण बघतो. सुरुवात कशी झाली, हे सहसा कोणी विचारत नाही. मुलांच्या लाकडी मोटारींच्या एका शर्यतीत मात्र सगळी मेख त्या सुरुवातीतच असते.

ही गोष्ट 1953 सालची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाचे गृहस्थ राहत. नोकरी विमानाच्या कारखान्यात. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. स्वतः बनवलेल्या गाडीत बसून उतारावरून जाण्याची ‘सोप बॉक्स डर्बी’ तेव्हा जोरात होती. पण त्यात भाग घ्यायला तो लहान होता. बापाने मग त्याच शर्यतीची छोटी आवृत्ती काढली. पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार चाके आणि चार खिळे. मुलाने वडिलांच्या मदतीने तो तासायचा, रंगवायचा आणि उतरत्या फळीवरून सोडायचा. तीच ‘पाइनवुड डर्बी’. गाडीला इंजिन नाही, चावी नाही. आजच्या नियमाप्रमाणे वजन पाच औंस, म्हणजे सुमारे 142 ग्रॅमपर्यंत चालते. बाकी काम गुरुत्वाकर्षणाचे.

पण गाड्या सोडायच्या कशा? हाताने सोडल्या तर एखाद्याचे बोट रेंगाळते, एखाद्याचे नकळत ढकलते. म्हणून हवे फाटक. त्याची रचना साधी आहे. फळीखाली एक आडवा दांडा. प्रत्येक गाडीसाठी त्यावर एकेक खुंटी, फळीतल्या फटीतून वर आलेली. गाडीचे नाक खुंटीला टेकलेले. खटका ओढला की स्प्रिंग दांड्याला झटका देते आणि साऱ्या खुंट्या एकदमच पुढे झुकून खाली जातात. स्प्रिंग मात्र जोरदार हवी. खुंटी गाडीपेक्षा वेगाने हलली पाहिजे, नाहीतर गाडी तिच्यावरच रेलून राहते.

एवढी काटेकोरपणा कशासाठी? साधा हिशेब करून पाहा. तीस अंशांच्या उतारावर एक खुंटी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट उशिरा पडली, असे समजा. तेवढ्या वेळात शेजारची गाडी सरकते जेमतेम दोन मिलिमीटर. कोणाच्या डोळ्यांना दिसणारही नाही. पण खाली गाड्या सेकंदाला चार मीटर वेगाने धावत असतील, तर तोच उशीर तिथे बारा सेंटिमीटरचा होतो. गाडीची लांबीच मुळी अठरा सेंटिमीटरच्या आसपास! वर न दिसलेला अन्याय खाली सर्वांना दिसतो, पण पराभव म्हणून.

यावर उपाय सोपा आहे. खुंट्यांना पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत ना, ते बघावे. मग दोन गाड्या जागा बदलून पुन्हा पुन्हा सोडाव्यात. गाडी कोणतीही असो, डावी बाजूच जिंकत असेल तर दोष गाडीचा नाही. म्हणूनच जाणकार आयोजक प्रत्येक गाडीला प्रत्येक पट्टीवरून एकदा तरी धावू देतात.

गाडी मागे पडली की मुलाचा चेहरा उतरतो आणि आपण लगेच तिची चाके घासायला बसतो. घासावीत जरूर. पण त्याआधी एकदा वर जाऊन खटका पाहून यावे.