शिरोरेखा का सुटली?

हौशी सीएनसी : लेखांक ७

मागच्या आठवड्यात जीआरबीएलच्या सेटिंग पाहिल्या. आता दुखणं ‘स्टेप मिस’ होण्याचं. दारावरची मराठी पाटी कोरायला घेतली की ते लपत नाही. अक्षरं कोरून होतात, शेवटी शिरोरेखा ओढली जाते आणि ती अक्षरांना चिकटतच नाही, केसभर वर राहते. सागाची फळी वाया जाते. मग बहुतेकांचा हात आधी ड्रायव्हरवरच्या करंटच्या स्क्रूकडे जातो. तो स्क्रू आहे तसा राहू द्या. चूक किती मिलिमीटरची आहे, ते आधी मोजा.

हौशी राउटरमधली स्टेपर मोटर आंधळी असते. बोर्ड पल्स पाठवतो आणि मोटर तेवढी फिरली असं धरून चालतो. मोटरचा एक फेरा म्हणजे २०० पूर्ण पावलं, आणि नेहमीच्या टी-८ स्क्रूवर एका फेऱ्यात ८ मिमी सरकणं. मोटर अडखळली तरी रोटर वाटेल तिथे थांबत नाही. कॉइलचा क्रम दर चार पावलांनी पुन्हा तोच येतो, म्हणून रोटर चुकतो तोही चाराच्या पटीत. चार पावलं म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.१६ मिमी. हा आकडा यंत्रावर लिहूनच ठेवा. पाच मिमी लीडचा बॉलस्क्रू असेल तर तो ०.१० होईल.

आता डायल गेज लावा. पुण्यात तो मिळणं अवघड नाही. भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये काम करणारं कुणीतरी ओळखीत निघतंच. गॅन्ट्रीला टेकवून काटा शून्यावर आणा, बिट काढा, तोच प्रोग्रॅम हवेत चालवा आणि यंत्र शून्यावर परत आणा. काटा ०.१६, ०.३२ किंवा ०.४८ च्या आसपास थांबला, तर मोटर खरोखरच अडखळली. ०.२३ सारखा अधलामधला आकडा आला तर कपलिंगवर संशय घ्या: शाफ्ट आणि कपलिंग यांवर मार्करने एकच सरळ रेघ मारा आणि पुन्हा चालवा. रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसवून घट्ट आवळा. चूक अगदी बारीक, एकाच दिशेला आणि यंत्र जितक्या वेळा उलट फिरेल तितकी वाढणारी असेल, तर पल्स आणि दिशेचा सिग्नल यांची वेळ जुळत नाहीये. टीबी-६६०० ड्रायव्हरवर हे होऊ शकतं. नुसता प्ले असेल तर चूक साचत जात नाही.

हवेत सगळं ठीक आणि लाकडातच चूक, तर बिट बोथट झालाय, फीड जास्त आहे किंवा कट खोल घेतलाय. हवेतही चुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करून पाहा. वेग वाढला की कॉइलमध्ये करंट चढायला वेळ पुरत नाही आणि मोटरचा जोर घटतो. १२ ऐवजी २४ व्होल्टची सप्लाय इथेच कामी येते, अर्थात ड्रायव्हर आणि बोर्ड दोन्हींना ती चालत असेल तरच.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हातांनी करत शिकण्याची रीत रुजवली, २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही आली. अशा मोजमापाची सवय प्रत्येक शाळेत लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

करंटच्या स्क्रूला हात लावायचा तो हे सगळं तपासून झाल्यावर, आणि तोही मोटरवर लिहिलेल्या अँपिअरच्या आतच. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर तापून मध्येच बंद का पडतो, ते पाहू.