चाकांवरचे घर आणि चांदीचे शहर

घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गोगलगाईचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु तसेच घर चाकांवर घालून परमुलखात हिंडू लागले म्हणजे कौतुकाइतकीच पंचाईतही वाट्याला येते. टेक्सासमधील माझ्या चुलतभावाने आपल्या मोटारघरातून आम्हां उभयतांना मेक्सिको दाखविण्याचे ठरविले, तेव्हा याची मला कल्पना नव्हती. शेगडी, शीतकपाट, निजण्याच्या फळ्या, स्नानाची चिंचोळी खोली, असा सारा संसार त्या लांबट गाडीत होता.

लारेडो येथे आम्ही सीमा ओलांडली. सरहद्दीच्या पट्ट्यापलीकडे परदेशी वाहन न्यावयाचे तर तात्पुरता परवाना लागतो आणि विमाही मेक्सिकोचाच उतरावा लागतो. हे सोपस्कार आटोपले की साल्तियो व सान लुईस पोतोसीवरून दक्षिणेचा रस्ता मोकळा. पथकराचे रस्ते उत्तम. मात्र फुकटचा रस्ता धरला की गावाच्या तोंडाशी 'तोपे' नावाचे उंचवटे आडवे येतात. असाच एक वेळेवर दिसला नाही आणि मुंबईहून नेलेली लोणच्याची बरणी फुटली! अंधारात रस्त्यावर गुरे येतात, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावयाचा, हा वहिनींचा दंडक होता.

ग्वानाह्वातोला मात्र आमच्या घराला वेशीबाहेरच थांबावे लागले. डोंगरांच्या घळीत, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, हे शहर दाटीवाटीने वसले आहे. पुरेपेचा लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ बेडकांची टेकडी. एके काळी नदी गावातून वाहत असे व पुराने हैदोस घाली. पुढे तिला दुसरीकडे वळविले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या कोरड्या पात्रातून मोटारींचा भुयारी रस्ता निघाला. डोक्यावर दगडी कमानी, त्यांवर लोकांची घरे. तेथे आमचे धूड कोठून मावणार? ते मुक्कामाच्या तळावर ठेवून आम्ही बसने गावात शिरलो आणि मग पायीच हिंडलो. एका बोळात समोरासमोरच्या सज्जांमध्ये जेमतेम दीड हात अंतर आहे!

शहराचे खरे हृदय मला आलोंदिगामध्ये सापडले. ही चौकोनी, जाड भिंतींची इमारत १८०९ मध्ये पुरी झाली, ती धान्याचे कोठार म्हणून. पुढच्याच वर्षी धर्मगुरू मिगेल इदाल्गो यांनी स्वातंत्र्याचा उठाव केला, तेव्हा येथील स्पॅनिश श्रीमंत आपला खजिना घेऊन तिच्यात दडून बसले. २८ सप्टेंबर १८१० रोजी उठाववाल्यांनी कोठार जिंकले व आतल्यांची कत्तल केली. पीपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी शिळा बांधून गोळ्यांच्या वर्षावात दरवाजा पेटविला, असे सांगतात. इतिहासकारांचे त्याविषयी एकमत नाही, पण टेकडीवर त्याचा भव्य पुतळा आहे. १८११ मध्ये इदाल्गो, आयेंदे, आल्दामा व हिमेनेस यांची छाटलेली मस्तके या इमारतीच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी पिंजऱ्यांत टांगण्यात आली. ती दहा वर्षे तेथेच होती. ते कोपरे पाहताना आम्हां चौघांपैकी कोणीच बोलले नाही.

हा एवढा खजिना आला कोठून? शहराच्या वरच्या अंगाला व्हालेन्सियानाची खाण आहे. अठराव्या शतकात ती जगातील अत्यंत समृद्ध चांदीच्या खाणींत गणली जाई. दळलेली खनिजमाती मीठ व पारा घालून फरसबंद अंगणात पसरीत आणि आठवडेच्या आठवडे खेचरांकडून तुडवून घेत. खाणीजवळचे १७८८ मधील सान कायेतानो चर्च आतून सोन्याच्या मुलाम्याने झगमगते. भूगर्भात राबणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे तेथे कोठे लिहिलेले नाही. मेक्सिकोची चांदी युरोपमार्गे व मनिलामार्गे आशियात येई, आणि सुरतेच्या टांकसाळीत वितळवून तिचे मोगली रुपये पाडीत. हे सांगताच वहिनी पायांतल्या जोडव्यांकडे पाहू लागल्या.

उतरताना पुन्हा तेच भुयार लागले. तळावर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. वहिनींचा दंडक त्या दिवशी प्रथमच मोडला.