आपलाच आवाज, पण उशिरा!

घरी तोंडपाठ असलेले भाषण माइकसमोर उभे राहताच अडखळते. भीतीने शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हे खरे. पण ‘मला स्टेजवर जमतच नाही’ असे ठरवण्यापूर्वी ध्वनीचा हिशेब पाहू.

एरवी आपला आवाज आपल्याला दोन मार्गांनी ऐकू येतो : हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. सभागृहात तिसरा मार्ग निर्माण होतो. लाउडस्पीकरचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. भिंत ३४ मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याचे अंतर ६८ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे उशीर ०.२ सेकंद!

एवढ्याने काय बिघडते? बोलणाऱ्याला त्याचाच आवाज असा किंचित उशिरा ऐकवला, तर अस्खलित बोलणाराही अडखळतो, हे अमेरिकेतील बर्नार्ड ली यांनी १९५० साली दाखवून दिले. अडखळलो की भीती वाढते आणि भीतीने आपण अधिकच घाई करतो.

यावर उपाय आहेत. वाक्य संपले की क्षणभर थांबावे. वक्त्याकडे तोंड केलेला एक लहान स्पीकर जवळ ठेवावा. एक कान बोटाने बंद करून गुणगुणून पाहा. हाडांतून येणारा आवाज मोठा वाटेल. कानावर हात ठेवून गाणाऱ्या शाहिरालाही आपला सूर असाच स्पष्ट ऐकू येतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तालमीच्या वेळी रिकाम्या सभागृहात स्टेजवरून एक टाळी वाजवा. ती वेगळी परत ऐकू आली, तर सावकाश बोला.